पडदे उपटल्यावर

लिओ फेंडरने १९५१ साली अमेरिकेत विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. नावातच जाहिरात होती. तोवर खर्जाची बाजू सांभाळायचा तो माणसाच्या उंचीचा डबल बेस. त्याला पडदे नसतात. स्वर कुठे आहे, हे वाजवणाऱ्यानेच शोधायचं. फेंडरने दांडीवर धातूचे पडदे ठोकले आणि सूर अचूक लागण्याची सोय करून दिली. गंमत अशी की १९७० मध्ये त्याच कंपनीने ‘प्रिसिजन’चा बिनपडद्यांचा अवतारही काढला. अचूकतेची हमी ज्यावर होती तोच भाग काढून टाकला, पाटी मात्र तीच राहिली!

त्याआधी हा उद्योग इतरांनीही केला होता. पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेल्या बिल वायमनने १९६१ मध्ये एक स्वस्तातली, खडखडणारी बेस घेतली आणि नवे पडदे बसवू म्हणून जुने उपटले. आवाज इतका आवडला की नवे बसवायचे राहूनच गेले. अँपेग कंपनीने १९६६ मध्ये मुळातच बिनपडद्यांची बेस विकायला काढली. पण या वाद्याकडे जगाचे कान वळवले ते जॅको पास्टोरियसने. १९७६ मध्ये त्याच्या नावाचा पहिला अल्बम आला, त्याच वर्षी तो ‘वेदर रिपोर्ट’ या बँडमध्ये सामील झाला, आणि कित्येक बेसवाल्यांनी आपापल्या गिटारीचे पडदे उपटायला घेतले.

पडद्यांच्या बेसवरून ‘फ्रेटलेस’कडे, म्हणजे बिनपडद्यांच्या बेसकडे वळणाऱ्याला पहिली धास्ती असते बेसूर होण्याची. ती रास्तच आहे, पण सूर नेमका का घसरतो हे आकड्यांत पाहिलं तर जास्त कळतं. नेहमीच्या बेसची तार ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर लांब असते. पहिला पडदा वरच्या टोकापासून साधारण साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर येतो. बारावा बरोबर मध्यावर, आणि तिथून तेरावा फक्त चोवीस मिलिमीटर पुढे. जसजसं खाली उतरावं तसतसे स्वर एकमेकांना खेटत जातात.

पडदे असताना या अंतरांचा विचार करावा लागत नाही. दोन पडद्यांच्या मध्ये बोट कुठेही ठेवा, तार पुढच्या पडद्यावर टेकते आणि स्वर तोच येतो. म्हणून सगळ्यांना पडद्याच्या जरा मागे दाबायची सवय असते. फ्रेटलेसवर हीच सवय नडते. पडद्याची जी जागा असती, बोट थेट तिथेच पडायला हवं. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एकाला ‘सेंट’ म्हणतात. पहिल्या पडद्याच्या जागेपासून बोट एक सेंटिमीटर मागे राहिलं तर स्वर २१ सेंटने उतरतो. तेवढीच चूक बाराव्या जागी केली तर चाळीस सेंटने, म्हणजे जवळजवळ पाव स्वराने. ऐकणाऱ्याने कपाळाला आठ्या घालाव्यात एवढा हा फरक आहे.

मग कानाने ऐकून बोट सरकवावं, हे ओघाने आलं. पण इथे खर्ज आडवा येतो. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते; एका आवर्तनाला चोवीस मिलिसेकंद लागतात. स्वराची उंची उमगायला कानाला अशी काही आवर्तनं ऐकावी लागतात. चार धरली तरी सेकंदाचा दहावा हिस्सा गेला, वर हाताला आज्ञा पोचून बोट हलायला वेळ लागतो तो वेगळा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत अर्ध्या मात्रेचा स्वर पाव सेकंदात संपतो. कानाची दुरुस्ती येईपर्यंत स्वर अर्धाअधिक वाजून गेलेला असतो. त्यामुळे लांब स्वर कानाच्या भरवशावर सावरता येतात, जलद ओळीत मात्र हाताला जागा आधीच ठाऊक असावी लागते. कान चूक दाखवतो ती पुढच्या खेपेसाठी.

काही फ्रेटलेसवर पडद्यांच्या जागी लाकडातच रेघा बसवलेल्या असतात. रेघा बघून वाजवणं कमीपणाचं, असं मानणारे बरेच आहेत. मला त्यात काही अर्थ दिसत नाही. खरी अडचण वेगळी आहे. वाजवणारा दांडीकडे वरून आणि तिरकं बघतो, त्यामुळे रेघ असते एकीकडे आणि भासते जरा दुसरीकडे. डोळ्यांवर फार भिस्त ठेवली तर दोन-तीन मिलिमीटर सहज निसटतात.

सुराची ही बाजू सगळे सांगतात. त्याहून मोठा बदल आवाजाच्या पोतात होतो, आणि वळणाऱ्याला त्याची फारशी कल्पना नसते. पडदा स्वराची जागा दाखवतोच, शिवाय तारेचं एक टोक घट्ट धरून ठेवतो. धातूच्या कडेवर टेकलेली तार टणक वाजते आणि वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक स्वर, बराच वेळ टिकतात. पडदा गेला की ते टोक बोटाच्या मांसल पेराखाली येतं. मांस कंपनं शोषतं, त्यातही बारीक आणि जलद कंपनं आधी. म्हणून फ्रेटलेसचा आवाज गोल, गळ्यातून आल्यासारखा वाटतो. बोट जरा पुढेमागे डोलवलं की स्वर वरही जातो आणि खालीही येतो. पडद्यांवर तार ओढून तो फक्त चढवता येतो.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या कानाला लगेच ओळखू येईल. पडद्यावरून निघालेली तार पुढच्या लाकडापासून उंच राहते. फ्रेटलेसवर ती बोटाखालून निघते तेव्हा लाकडाला जवळजवळ चिकटून असते, आणि थरथरताना त्या सपाटीला हलकेच घासत राहते. छेडल्यावर आवाज आधी दबका येतो, मग उमलत, गुणगुणत जातो. तंबोऱ्याच्या जवारीचं काम याच जातीचं आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला कानसीने असा बारीक उतार देतात की तार त्यावर घासत वाजावी. सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात तंबोरा आणि वीणा यांचा अभ्यास करून १९२१ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तो ज्या स्वरांशाचा निश्चल बिंदू असेल, तो स्वरांश आवाजात नसावा, असा जुना नियम होता. रामन यांना या वाद्यांत तेच स्वरांश चांगले ऐकू आले, आणि त्याचं कारण त्यांनी घोडीच्या रुंद, वक्र माथ्यात शोधलं. बेसची दांडी सपाट असते आणि घोडी वक्र, तेव्हा दोन्ही यंत्रणा तंतोतंत सारख्या नाहीत. पण तंबोरा जवारीवर आणायला जेवढा संयम लागतो, तेवढाच फ्रेटलेसची दांडी सरळ करून तारा नेमक्या उंचीवर आणायलाही लागतो. जरा उंच राहिल्या की गुणगुण गेली. जरा खाली आल्या की नुसती खरखर.

घासण्याची किंमत लाकूड मोजतं. वरून तार गुंडाळलेल्या खरबरीत तारा उजळ वाजतात, पण लाकडाला चरे पाडतात. गुळगुळीत तारा लाकूड राखतात, उजळपणा मात्र घालवतात. जॅकोला खरबरीत ताराच हव्या होत्या. त्याने १९६२ च्या फेंडर ‘जॅझ बेस’चे पडद्यांचे खाचे बुजवून दांडीवर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलं. त्या काचेसारख्या टणक थरावर तारा घासत राहिल्या. पडदे त्याने स्वतः काढले की आधीच काढलेले होते, याच्या गोष्टी त्यानेच वेगवेगळ्या सांगितल्या आहेत.

आता गंधाराचं काय, हा प्रश्न पडदे होते तोवर उद्भवत नव्हता. पडदे सगळे अर्धस्वर सारख्या मापाचे करून बसवलेले असतात, आणि त्या हिशेबात शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा पडतो. बेसची डी तार मोकळी वाजत ठेवा, तोच षड्ज. शेजारच्या ए तारेवर नवव्या पडद्याच्या जागी गंधार घ्या. दोन्हींच्या वरच्या स्वरांशांत सेकंदाला तीनेक झोके ऐकू येतील. आता बोट खुंट्यांच्या दिशेने चार मिलिमीटर सरकवा. झोके मंदावत जातात आणि थांबतात. पियानोच्या साथीला असाल तर ते चार मिलिमीटर परत द्यावे लागतात, नाहीतर दोघांचं भांडण ऐकू येतं. गाणारा एकटा असेल आणि मागे तंबोरा असेल, तर बोट तिथेच राहू द्यावं.