जाति कोणती ?

गेल्या पावसाळ्यांत डोलवीस एका शेतकऱ्याच्या ओटीवर बसलों असतां आम्हीं विचारलें कीं, यंदा कोणत्या जातीचें भात लावलें ? दोन जातींचें, असें उत्तर आलें. गोड्या जमिनींत जया आणि खारवट जमिनींत पनवेल-३. शेजारी अभ्यास करीत बसलेली त्यांची नात म्हणाली, "आजोबा, भात सगळें एकाच जातीचें. पुस्तकांत तसेंच आहे." आजोबा रागावले, पोरीच्या डोळ्यांस पाणी आलें आणि निवाडा आमच्याकडे आला.

दोघेंही खरेंच बोलत होतीं. शेतकरी जिला जात म्हणतो, तिला शास्त्रज्ञ वाण म्हणतात. वनस्पतिशास्त्रांत ओरायझा ही प्रजाति व सटायव्हा ही तींतील जाति. जया आणि पनवेल हीं दोन्ही तिच्याच पोटांत.

लिनीअसनें १७५३ सालीं वनस्पतींस अशीं दुहेरी नांवें सरसकट दिलीं. त्यांतील जीनस व स्पीशीज हे शब्द तर्कशास्त्रांतले. पण तेथें ते सापेक्ष असतात. 'वृक्ष' हा वर्ग आंब्याच्या मानानें व्यापक, तर वनस्पतीच्या मानानें व्याप्य. जीवशास्त्रांत मात्र पायऱ्या ठरलेल्या. आमचे नैयायिकही सामान्याचे पर व अपर असे भेद करितात : द्रव्यत्व हें पृथिवीत्वाहून पर, सत्तेहून अपर. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचलेल्यांस हें नवें नाहीं. (गौतमाच्या सोळा पदार्थांतही एक 'जाति' आहे, पण तिचा अर्थ फसवें उत्तर. घरोघरच्या वादांत ती पुष्कळदा भेटते !)

खरा घोटाळा पुढेंच आहे. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत प्रजाति वरची व जाति तिच्या खालची. हिंदींत प्रजाति हा शब्द पुष्कळदा खालच्या पायरीस लावितात, आणि तोच अर्थ आतां मराठी वृत्तपत्रांत शिरला आहे. डोलवीनजीक धरमतरच्या खाडीकांठीं तिवरें आहेत. अ‍ॅव्हिसेनिया ही त्यांची प्रजाति. हें नांव इब्न सिना या वैद्यावरून पडलें. तिच्या मरिना व ऑफिसिनॅलिस या दोन जाती महाराष्ट्रांत सांपडतात. वृत्तपत्र त्यांसच 'दोन प्रजाती' म्हणतें, आणि तें वाचून उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे गुण जातात.

आम्हीं मुलीस सांगितलें कीं, पुस्तक बरोबर आहे. मात्र आजोबांच्या 'जाती'ला वहींत 'वाण' लिही. आजोबांनीं नातीस जवळ ओढलें व म्हणाले, "काय लिहायचें तें लिही. बांध फुटून खारें पाणी आलें कीं जया जाते, पनवेल तग धरतें. तेवढें पण लिही."