द्रवरूप वायूवाहू जहाजांवरील मालटाक्यांचे प्रकार : एक विवेचन

प्रस्तावना :
नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला असता द्रवरूप होतो व त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. त्यामुळेच त्याची सागरी वाहतूक शक्य झाली. तथापि, इतक्या थंडीत जहाजबांधणीचे साधे पोलाद ठिसूळ बनते. १९४४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे या वायूची जमिनीवरील टाकी फुटून शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तिच्या पोलादात निकेलचे प्रमाण अपुरे होते. गळलेला द्रव जहाजाच्या सांगाड्यापर्यंत पोहोचू नये, हाच म्हणून टाक्यांच्या वर्गीकरणाचा पाया आहे.

टाक्यांचे प्रकार :
आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या संहितेनुसार टाक्यांचे स्वतंत्र व पटलयुक्त असे दोन मुख्य वर्ग पडतात. स्वतंत्र टाकी स्वतःचा भार स्वतः पेलते. तिचे तीन उपप्रकार आहेत.

१) 'ए' प्रकार : ही सपाट बाजूंची टाकी होय. तिला तडा जाण्याची शक्यता गृहीत धरून तिच्याभोवती संपूर्ण दुय्यम आवरण आवश्यक मानले जाते.

२) 'बी' प्रकार : यात ताण व तडे यांचे सूक्ष्म विश्लेषण केलेले असते. तडा मोठा होण्यापूर्वी अल्प गळती लक्षात येते, म्हणून अंशतः दुय्यम आवरण पुरते. नॉर्वेत विकसित झालेली 'मॉस' गोलाकार टाकी याचे ठळक उदाहरण होय.

३) 'सी' प्रकार : ही दाब सहन करणारी, बहुधा दंडगोलाकृती टाकी असून तिला दुय्यम आवरण लागत नाही. ती मुख्यतः लहान जहाजांवर आढळते.

पटलयुक्त टाकीत सुमारे एक मिलिमीटर जाडीचे धातूचे पटल असते. भार उष्णतारोधक थरामार्फत जहाजाचा सांगाडाच पेलतो. ३६ टक्के निकेल असलेला इन्व्हार हा मिश्रधातू थंडीत अत्यल्प आकुंचन पावतो, म्हणून तो येथे उपयुक्त ठरतो. या टाकीत जागेचा अपव्यय टळतो. मात्र ती अर्धवट भरल्यास द्रवाच्या हिंदकळण्याने पटलास इजा पोहोचू शकते.

निष्कर्ष :
कोणताही एक प्रकार सर्वार्थाने श्रेष्ठ ठरत नाही. जागेची बचत, खर्च व सुरक्षितता यांचा मेळ घालूनच निवड करावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथे २०१३ पासून अशी जहाजे येऊ लागल्याने हा विषय कोकण किनाऱ्यालाही परका राहिलेला नाही. खलाशांचे व किनाऱ्यावरील वस्तीचे प्राण या अदृश्य आवरणांवर अवलंबून असतात, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.