खाला, यादीत तुमचं नाव आहे का?

20 नोव्हेंबर 2024 रोजी महाराष्ट्रात विधानसभेसाठी मतदान झालं आणि तीन दिवसांनी मालेगाव मध्यचा निकाल 162 मतांनी लागला. एखाद्या गल्लीतसुद्धा याहून जास्त मतदार राहतात. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल 48 मतांवर ठरला होता. असे आकडे आले की मोहल्ल्यातली पोरंपोरी फोन घेऊन बसायला तयार होतात. पुढच्या वेळी आपल्या वस्तीतलं एकही माणूस मतदानाविना राहू नये, असं त्यांना मनापासून वाटतं. हा हुरूप फार मोलाचा आहे. पण मुस्लिम वस्त्यांतल्या अशा मोहिमांभोवती इतके गैरसमज साचले आहेत की निम्मी मेहनत भलतीकडेच जाते. काही गैरसमज बाहेरच्यांचे आहेत, काही वस्तीतले, आणि काही खुद्द फोन करणाऱ्यांचे.

“लोकांना मतदानाचं महत्त्व पटलेलं नाही”

फोन करणाऱ्यांचा हा पहिला समज, आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा. त्यापायी ते समोरच्याला लोकशाहीवर भाषण देतात. पलीकडची बाई भाकरी थापता थापता “हां हां” म्हणते आणि फोन ठेवते. तिला मत द्यायचंच असतं. तिची अडचण वेगळी असते: यादीत तिचं नाव सापडत नाही.

उर्दूतलं नाव देवनागरीत उतरताना काय काय होतं ते यादी चाळली की कळतं. मोहम्मद, मोहंमद, मुहम्मद, महंमद. शेख आणि शैख. अन्सारी आणि अंसारी. बाईच्या नावामागचं ‘बी’, ‘बानो’, ‘खातून’ एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. लग्न होऊन ती भिवंडीहून मुंब्र्याला आली, नाव माहेरच्याच यादीत राहिलं. घर भाड्याचं, अकरा महिन्यांनी बदललं, मतदान केंद्र मात्र जुनंच. यातली एकही गोष्ट धर्माची नाही आणि अनास्थेची तर मुळीच नाही.

म्हणून मोहिमेतला पहिला प्रश्न मालेगावच्या बोलीत असा असावा: “खाला, लिस्ट में आप का नाम देखे क्या?” नाही म्हणाल्या तर मतदार ओळखपत्राचा क्रमांक विचारायचा आणि फोन चालू असतानाच निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधायचं. नावाने शोधलं तर स्पेलिंगच्या जंगलात हरवायला होतं, क्रमांकाने शोधलं तर क्षणात कळतं. नाव नसेल तर नमुना 6. नावात चूक असेल किंवा पत्ता बदलला असेल तर नमुना 8. काही अडलंच तर 1950 हा क्रमांक.

हे काम मतदानाच्या आठवड्यात होत नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव चढत नाही, आणि कागद तपासायला वेळ लागत असल्याने अर्ज त्याच्या किमान दहा दिवस आधी पोहोचलेला बरा. त्यामुळे फोनची खरी मोहीम निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी. पूर्वी 1 जानेवारी ही वयाची एकच तारीख होती. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीच्या मुलामुलींना हे फारसं कुणी सांगितलेलं नसतं. घरात फोन लागला की आधी त्यांची चौकशी करावी.

“जितके जास्त फोन, तितकं जास्त मतदान”

यावर अमेरिकेत काटेकोर प्रयोग झाले आहेत. येल विद्यापीठातल्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी 1998 मध्ये न्यू हेवन शहरात मतदारांचे गट पाडून तपासलं. दारात जाऊन बोलल्याने मतदान वाढलं. पैसे देऊन बाहेरच्या कंपनीकडून करवलेल्या फोनांचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. पुढे डेव्हिड निकरसन यांनी दाखवलं की फोन निरुपयोगी नाही, घाईघाईने वाचून दाखवलेला मजकूर निरुपयोगी आहे. स्वयंसेवकाने निवांत, माणसासारखं बोललं तर फरक पडतो. लिसा गार्सिया बेडोला आणि मेलिसा मायकेलसन यांनी कॅलिफोर्नियातल्या अल्पसंख्य आणि स्थलांतरित वस्त्यांमधल्या मोहिमा अभ्यासल्या. पहिल्या फोनला “येतो” म्हणालेल्यांनाच मतदानाच्या तोंडावर पुन्हा फोन केला, तर तो विशेष लागू पडतो, असं त्यांना आढळलं.

2008 मध्ये पेनसिल्व्हेनियात निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी आणखी एक साधी गोष्ट तपासली. “मत देणार ना?” एवढं विचारून न थांबता त्यांनी पुढे विचारलं: किती वाजता जाल, कुठून निघाल, त्याआधी काय करत असाल? हा बेत तोंडाने बोललेली माणसं जास्त संख्येने केंद्रावर पोहोचली. आपल्या वस्तीत हाच प्रश्न कसा विचारायचा ते आपल्याला सहज सुचतं. “फजरच्या नमाजनंतर थेट जाल की मुलांचा नाश्ता आटोपून? शेजारच्या आपाही येणार आहेत का बरोबर?” एका संध्याकाळी दोनशे फोन उरकण्यापेक्षा असे पंचवीस फोन मला मोलाचे वाटतात.

रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा फोन मात्र टाळावा. तो कुणी पूर्ण ऐकत नाही आणि पक्षाचा फोन समजून लोक नंबरच ब्लॉक करतात.

“मुसलमान एकगठ्ठा मत देतात, मग जागृती कसली, तो प्रचारच”

हा बाहेरचा समज, आणि त्याला आधार म्हणून धुळ्याचं उदाहरण देतात. 2024 च्या लोकसभेला धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव 3,831 मतांनी निवडून आल्या आणि त्यांना त्यातल्या एकट्या मुस्लिमबहुल मालेगाव मध्यमधून सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी होती. आकडा खरा आहे, तो लपवायचं कारण नाही. पण त्यानंतर सहा महिन्यांच्या आत त्याच मालेगाव मध्यमध्ये दोन मुस्लिम उमेदवारांमध्ये मतं अशी विभागली की 162 चं अंतर उरलं. या गावाने समाजवादी निहाल अहमद यांना अनेक वर्षं निवडून दिलं, नंतर काँग्रेसला, 2009 मध्ये जनसुराज्य शक्तीला, 2014 मध्ये पुन्हा काँग्रेसला, 2019 आणि 2024 मध्ये एमआयएमला. इतक्या वेळा मन बदलणाऱ्या गावाला गठ्ठा म्हणणं न्यायाचं नाही.

आणि कमी मतदान हा काही एका समाजाचा आजार नाही. 2024 च्या विधानसभेला राज्यात सुमारे 66 टक्के मतदान झालं, तेव्हा कुलाब्यासारखा सुस्थित मतदारसंघ 45 टक्क्यांपर्यंतही पोहोचला नव्हता, तर कोल्हापूरजवळच्या करवीरने 84 टक्के गाठले.

जागृती आणि प्रचार यांतली रेघ कायद्याने आखून दिली आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) नुसार धर्माच्या नावावर एखाद्याला मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणी केलं, तर ते निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण ठरतं. 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं की त्यात मतदाराचा धर्मही येतो. तो खटला मुंबईतल्याच सांताक्रूझच्या 1990 सालच्या निवडणुकीतून उभा राहिला होता. “मतदान करा, कुणाला ते तुमचं तुम्ही ठरवा” हे सांगणं या कलमात बसत नाही. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांच्या बंदीतही कायद्याचा रोख निकालावर परिणाम करणाऱ्या मजकुरावर आहे. केंद्राचा पत्ता सांगणारा फोन त्यात मोडत नाही. पण त्या फोनवर एका पक्षाचं नाव निघालं, की सगळ्या मोहिमेवर बोट ठेवायला जागा होते. समोरच्याने “बेटा, किस को डालना है?” असं विचारलं तरी उत्तर एकच: “वो आप का हक है, चाचा.”

मी आणखी एक सुचवेन. मतदार यादीत धर्माचा रकाना नसतो आणि फोन नंबरही नसतात. नंबर लोकांनी आपणहून, कशासाठी ते ठाऊक असताना दिलेले हवेत. आडनावं निवडून फोन करण्यापेक्षा यादीचा एक अख्खा भाग घ्यावा, म्हणजे त्या गल्लीतल्या पाटलांना आणि गायकवाडांनाही फोन जाईल. त्यांचीही नावं तशीच गहाळ असतात.

“मत न देणं गुनाह आहे, असं सांगितलं की लोक येतात”

वस्तीत दोन टोकांची मतं भेटतात. मतदानच हराम, असं मानणारे थोडे आहेत. उलेमांची मुख्य धारा मात्र मतदानाच्या बाजूची आहे. देवबंदच्या परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मत म्हणजे एक प्रकारची गवाही आहे असं मांडलं आणि हा विचार जुम्म्याच्या बयानांतून सर्वदूर पोहोचला आहे. ज्याला धार्मिक शंका आहे त्याने आपल्या आलिमांना विचारावं. फोनवरच्या विशीतल्या मुलाने फतवा देऊ नये.

दुसरं टोक जास्त धोक्याचं. मत दिलं नाही किंवा अमक्याला दिलं तर खुदा नाराज होईल, अशी भीती घालून मतदाराच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करणं कायद्याने अनुचित दबाव ठरतं. त्यात दैवी कोपाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. 1988 च्या एका कायद्याने कुठल्याही धर्माच्या प्रार्थनास्थळाचा राजकीय कामासाठी वापर करायला मनाई आहे. तेव्हा फोनची बैठक मशिदीच्या हॉलऐवजी वाचनालयात किंवा शाळेच्या वर्गात घ्यावी. म्हणजे बोट ठेवायला जागाच राहत नाही.

“पडद्यातल्या बायकांपर्यंत फोन पोहोचत नाही”

पुरुषाने संध्याकाळी फोन केला तर नाही पोहोचत. दुपारी, जोहरच्या नमाजनंतर, मुलीने फोन केला की पोहोचतो आणि बराच वेळ चालतो. नंबर नवऱ्याच्या नावावर असतो, म्हणून घरातल्या प्रत्येक बाईशी स्वतंत्र बोलायची विनंती करावी लागते. “घरातल्या सगळ्यांना सांगा” एवढ्यावर सोडलं तर निरोप दिवाणखान्यातच राहतो.

बुरख्याचा प्रश्न हमखास येतो. ओळखपत्रावर चेहऱ्याचा फोटो लागतो आणि केंद्रावर ओळख पटवावीच लागते. मात्र पडदा पाळणाऱ्या महिला जास्त असतील तिथे आडोशाला महिला कर्मचाऱ्याने ओळख पटवून शाई लावावी, अशी सूचना आयोगाने केंद्राध्यक्षांना दिलेली असते. एवढं आधी कळलं तरी कितीतरी जणी निर्धास्त होतात.

मोबाइलवर फिरणारी खोटी माहिती

मतदानाच्या आदल्या रात्री हमखास येणारा एक निरोप: यादीत नाव नसेल तर आधार दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागा. हे साफ खोटं आहे. यादीत नाव नाही तर मत नाही. ‘चॅलेंज’ म्हणजे उमेदवाराच्या प्रतिनिधीने दोन रुपये भरून एखाद्याच्या ओळखीवर घेतलेली हरकत. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल, तर मात्र ‘टेंडर’ मतपत्रिका मागायचा तुम्हाला हक्क आहे. तो सोडू नये.

दुसरा निरोप त्याहून वाईट: मत दिलं नाही तर नाव कटेल, नागरिकत्व जाईल. मत न दिल्याने यादीतून नाव काढायची तरतूद कायद्यात नाही. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद, अपात्रता अशा कारणांनीच नाव निघतं. मोहिमेतले काही जण “चांगल्या कामासाठी” ही भीती वापरतात, आणि हे मला फार टोचतं. आधीच कागदपत्रांच्या धास्तीने झोप उडालेल्या घरात आपण आणखी एक धास्ती पेरून येतो.

ओळखपत्र हरवलं तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं. रेशन कार्ड त्या यादीत नाही आणि नुसती मतदार चिठ्ठीही 2019 पासून ओळखीचा पुरावा धरत नाहीत. फोनवर हे दोनदा सांगावं.

गावाकडचे, आखातातले आणि मागावरचे

भिवंडीत उत्तर प्रदेशाहून आलेल्या कामगाराला वाटतं, गावी नाव आहे ते असू दे, इथेही घालू. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याने कुठलं गाव निवडावं हे आपण सांगायचं नाही, निवडावं लागतं एवढंच सांगायचं.

कोकणात वेगळंच चित्र. श्रीवर्धन-म्हसळ्यापासून रत्नागिरीपर्यंत घराघरातलं कुणीतरी कुवेतला नाहीतर ओमानला. इथे फोन उर्दूत केला तर उत्तर कोकणीत किंवा मराठीत येतं. सगळे मुसलमान घरी उर्दूच बोलतात, हाही एक समजच आहे. परदेशातल्या नागरिकाला नमुना 6अ भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं. सुट्टी त्या सुमारास मिळणार असेल तर हा फोन महिनाभर आधी जायला हवा.

यंत्रमागावरच्या माणसाची अडचण मजुरीची. माग शुक्रवारी बंद, 2024 च्या विधानसभेचं मतदान बुधवारी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135ब नुसार रोजंदारीवरच्यालाही भरपगारी सुट्टीचा हक्क आहे, पण जो मीटरवर कमावतो त्याला दिवस मोडल्यावर काय मिळतं हे आपण जाणतोच. म्हणून त्याच्याशी कायद्यापेक्षा वेळेबद्दल बोलावं. पाळी कधी सुटते, केंद्र वाटेत आहे का, सकाळी सातला दार उघडतं तेव्हा रांग किती असते.

त्याची पाळी संध्याकाळी सुटत असेल तरी त्याला फोन करावा. मतदानाची वेळ संपताच केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून सगळ्यांना सहीच्या चिठ्ठ्या देतो, आणि चिठ्ठी हातात असलेला प्रत्येक जण मत देऊनच परततो, मग रात्रीचे आठ वाजले तरी. सहाला केंद्र बंद होणार असेल तर साडेपाचला केलेला फोनही वेळेवरचाच असतो.