हात जोडण्याची सक्ती आणि कलम 28

दसरा जवळ आला की आपल्या उदगीरकडच्या शाळांतून पाटीपूजनाची लगबग सुरू होते. पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायची, तिला हळद-कुंकू आणि फुले वाहायची, ओळीने हात जोडायचे. वर्गात बौद्धांची मुले असतात, मुसलमानांची असतात, लिंगायतांची असतात. कोणाला काही विचारले जात नाही. आणि त्याच दसऱ्याला आपले लेकरू पांढरे कपडे घालून आईबापाबरोबर विहारात जाते, अशोक विजयादशमी साजरी करते आणि बावीस प्रतिज्ञा म्हणते. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना, गौरी-गणपतीला, कोणत्याही हिंदू देवदेवतेला मी देव मानणार नाही, असे संध्याकाळी म्हणणाऱ्या त्या लेकराने सकाळी शाळेत हात कोणापुढे जोडले, हा प्रश्न आपण घरात विचारतो काय?

ही बाब क्षुल्लक आहे, फोटोच तर आहे, असे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. त्यांनी नाशिकचे प्रकरण वाचावे. तेथील एका अनुदानित माध्यमिक शाळेतील शिक्षक संजय साळवे यांनी 2007 साली प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत. एवढाच त्यांचा गुन्हा! त्याला बेशिस्त ठरवून बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. शाळेचे नाव काय, तर सावित्रीबाई फुले माध्यमिक विद्यालय. साळवे मुंबई उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2013 मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिक्षकाला प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती करता येत नाही, ते मूलभूत हक्काचे उल्लंघन आहे, हात न जोडणे ही बेशिस्त नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निकाल चांगलाच आहे, पण तो मिळवायला एका शिक्षकाची सहा वर्षे गेली.

न्यायालयाने आधार घेतला तो भारतीय संविधानाच्या कलम 28 चा. संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे या कलमाचे पहिले उपकलम सांगते. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा यातच येतात. तिसरे उपकलम मान्यताप्राप्त आणि अनुदानित संस्थांना लागू आहे. तेथे येणाऱ्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सामील करून घेता येत नाही. संमती घ्यायची जबाबदारी शाळेची आहे. नकार कळवण्याचे ओझे कायद्याने पालकावर टाकलेले नाही. 7 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की, या देशातील धर्म परस्परांच्या संबंधात केवळ असामाजिक नाहीत, ते समाजविरोधी आहेत. सरकारी वर्गात धर्म शिरला तर काय होईल, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मग भिंतीवरच्या नुसत्या फोटोचे काय? त्याबद्दल संविधानात थेट शब्द नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करू. हाच वाद युरोपात झाला. इटलीतील एका आईने, सोइले लाउत्सी यांनी, आपल्या मुलांच्या सरकारी शाळेतील वर्गाच्या भिंतीवरचा क्रूस काढावा म्हणून लढा दिला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2009 साली त्यांच्या बाजूने एकमताने निकाल दिला. 2011 साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो 15 विरुद्ध 2 मतांनी फिरवला. कारण काय दिले? क्रूस हे निष्क्रिय चिन्ह आहे, ते भिंतीवर लटकते, मुलांकडून काही मागत नाही.

आपल्याकडचे मनुवादी हा निकाल आनंदाने दाखवतील. परंतु तो नीट वाचला तर त्यांच्याच अंगावर येतो. आपल्या शाळेतली सरस्वती निष्क्रिय आहे काय? तिला हार घातला जातो, नारळ फोडला जातो, दिवा लावला जातो आणि लेकरांना ओळीत उभे करून हात जोडायला लावले जातात. ही उपासना आहे, आणि उपासनेला संमती लागते. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम 18 देखील धर्माच्या बाबतीत सक्ती नको म्हणते. भारत 1979 पासून त्या कराराला बांधील आहे.

नकार देणाऱ्याची काय गत होते, तेही पाहा. जानेवारी 2021 मध्ये कवी यशवंत मनोहर यांनी मंचावर सरस्वतीची प्रतिमा आहे म्हणून विदर्भ साहित्य संघाचा पुरस्कार नाकारला, तर त्यांच्यावर केवढी टीका झाली! ते ज्येष्ठ कवी होते, त्यांनी ती पेलली. राजस्थानच्या बारां जिल्ह्यात 26 जानेवारी 2024 रोजी सरकारी शाळेतील एका दलित शिक्षिकेने कार्यक्रमात सरस्वतीचा फोटो ठेवायला नकार दिला, तिला पुढच्याच महिन्यात निलंबित करण्यात आले. महाराष्ट्रात शासनाने स्वतःच जानेवारी 2017 मध्ये शाळा-कार्यालयांतून देवदेवतांचे फोटो काढण्याचे परिपत्रक काढले आणि शिवसेनेने ओरड करताच ते गुंडाळून ठेवले. जे शासन आपलेच परिपत्रक चार दिवस टिकवू शकत नाही, त्याच्या भरवशावर चौथीतल्या लेकराने नाही म्हणायचे काय?

एक गोष्ट आपल्यालाही ऐकावी लागेल. तुम्ही बाबासाहेबांचा फोटो लावता तो कसा चालतो, असे आपल्याला विचारले जाते. बाबासाहेब संविधानाचे शिल्पकार आहेत, देव नाहीत. सावित्रीबाईंनी शाळा चालवली. म्हणून त्यांच्या प्रतिमा शाळेत असतात, हे उत्तर बरोबरच आहे. पण आपलेच काही कर्मचारी बांधव सरकारी कार्यालयात अगरबत्ती लावून वंदना म्हणतात, तेव्हा हे उत्तर लंगडे पडते. कलम 28 शाळांपुरते आहे खरे, मात्र शेजारच्या टेबलावरच्या मुसलमान कारकुनाची सदसद्विवेकबुद्धी आपल्याइतकीच स्वतंत्र आहे. वंदना विहारात म्हणावी, कार्यालयात फोटो पुरे.

दसऱ्याच्या आधी मुख्याध्यापकांना पालक साध्या कागदावर चार ओळी लिहून देऊ शकतो: माझ्या पाल्याला पूजेत व धार्मिक प्रार्थनेत सामील करण्यास माझी संमती नाही, संविधान कलम 28(3). खाली सही आणि तारीख. एक प्रत स्वतःकडे ठेवावी, तिच्यावर शाळेची पोच घ्यावी. एकट्याने जाऊ नये. गल्लीतल्या पाच-सात पालकांनी मिळून जावे, म्हणजे एकाच लेकराकडे बोट दाखवले जाणार नाही.