अवधानाची राखण

नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरजवळ, सहस्रकुंड येथे, पैनगंगेचा प्रवाह खडकांवरून खाली कोसळतो. पावसाळ्यात हा प्रपात पाहण्यास दूरदूरची कुटुंबे येतात. परंतु कित्येकांची दृष्टी प्रपातावर नसून हातातील मोबाईलवर खिळलेली असते. मध्येच एखाद्या संदेशाची घंटी वाजते आणि समोरचे पाणी जणू नाहीसेच होते. हा दोष यंत्राचा की मनाचा, असा प्रश्न सहजच उद्भवतो.

या प्रश्नाचे मूळ ग्रीसमधील स्टोइक तत्त्वज्ञांनी फार पूर्वीच शोधले होते. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास झीनोने अथेन्समध्ये या पंथाचा पाया घातला. पुढे इ. स. च्या पहिल्या शतकात, गुलामगिरीत जन्मलेल्या एपिक्टेटसने त्यातील मर्म विशद केले. बाह्य वस्तूचा मनावर ठसा उमटणे आपल्या हाती नसते. त्या ठशाला संमती देणे अथवा न देणे मात्र आपल्या हाती असते. घंटी वाजणे ही एक गोष्ट, आणि 'हे आत्ताच पाहिले पाहिजे' हा मनाचा निवाडा ही दुसरी. या दोहोंमधील क्षण इतका सूक्ष्म, की संमती दिल्याचे माणसास कळतही नाही. शिवाय, अवधान एकदा सैल सोडले तर ते वाटेल तेव्हा आवरता येईल, या भ्रमात कोणी राहू नये, असेही एपिक्टेटस बजावतो.

मग उपाय कोणता? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक प्रयोग आरंभिला. कोरोनाच्या काळात मुलांचा अभ्यास मोबाईलवर सुरू झाला. पुढे शाळा उघडल्या, तरी हातचा मोबाईल सुटेना. तेव्हा सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवावा आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद ठेवावेत, असे गावाने ठरविले.

यावर कोणी म्हणेल, भोंगा हीदेखील बाहेरचीच वस्तू. मग मनाचे स्वातंत्र्य कोठे उरले? आक्षेप रास्त आहे. भोंगा कोणाचेही मन आवरू शकत नाही. परंतु संमतीपूर्वीचा तो हरवलेला क्षण तो परत मिळवून देतो. आणि सारे गाव एकदम थांबत असल्याने, एकट्यास जड जाणारा नकार सुसह्य होतो.

इस्लापूरच्या प्रपातापाशी मात्र असा भोंगा नाही. तेथे घंटी वाजताच क्षणभर थांबून 'हे आत्ताच हवे काय?' एवढे ज्याचे त्यानेच स्वतःस विचारावयाचे आहे.