होन्या आणि बाबू गेनू, एकाच तासाला

आंबेगाव तालुक्यातल्या शिक्षकाला हिंसा-अहिंसेचा धडा शिकवायला लांबची उदाहरणं लागत नाहीत. डोंगरातलं जांभोरी हे होन्या केंगल्याचं गाव. महाळुंगे पडवळ हे बाबू गेनू सैद यांचं. दोघे एकाच तासाला शिकवायला हवेत.

होन्याच्या काळात सावकाराच्या कर्जखतात काय लिहिलंय ते वाचता येत नसलेल्या माणसाने त्यावर निशाणी करायची आणि पुढे व्याज फेडत राहायचं, अशी गत झालेली. १८७३ मध्ये महादेव कोळी समाजातल्या होन्याने टोळी उभारली, सावकारांना लुटलं, कित्येकांची नाकं कापली. सरकारने त्याच्यावर एक हजाराचं इनाम लावलं. जुलै १८७६ मध्ये तो पकडला गेला. इंग्रजी दप्तरात तो दरोडेखोर, डोंगरातल्या लोकांसाठी क्रांतिकारक. शिक्षकाने मात्र दोन्ही शिक्के बाजूला ठेवून आधी ते खत मुलांसमोर मांडावं.

मग १२ मे १८७५ चा सुप्याचा बाजार सांगावा. तिथे चिडलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. माणसांवर फारसे हात उचलले नाहीत. राग नाकावर काढला की कागदावर, हा फरक मुलांना चटकन उमगतो. १८७९ च्या कायद्याने कर्जाचा मुळापासून हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला दिला. हा कायदा नेमका कशामुळे आला, यावर वर्गात खुशाल वाद होऊ द्यावा.

आता मुंबई, १२ डिसेंबर १९३०. काळबादेवीत बहिष्कार घातलेल्या विलायती कापडाचा ट्रक निघाला आणि गिरणी कामगार बाबू गेनू रस्त्यात आडवे झाले. वय अवघं बाविशीचं. हिंदी चालकाने ट्रक पुढे न्यायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटने चाक हातात घेतलं, असं सांगतात. ट्रक बाबू गेनूंच्या अंगावरून गेला.

हौतात्म्याच्या वर्णनात त्या चालकाचा नकार हरवतो. खरं तर वर्गात सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबायला हवं. कोणावर हात न उगारता आडवा पडलेला माणूस समोरच्या गोटातल्या एकाला तरी थांबवतो, तो कसा? आणि सार्जंट का थांबत नाही?

तालुक्यातल्याच डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर हे नाव आहे. ते पाठ करून घेण्यापेक्षा मुलांकडून एक काम करून घ्यावं: गावातलं बांधाचं एखादं भांडण निवडायचं आणि त्यात कोण काय करू शकतं, मारहाणीपासून मोजणीच्या अर्जापर्यंत, ते वहीत लिहायचं.