न बोलणाऱ्या यंत्रांची नोंदवही

शाळेत नवे मुख्याध्यापक रुजू झाले म्हणजे कार्यभार स्वीकारताना त्यांच्या हाती जडसंग्रह नोंदवही दिली जाते. बाके किती, कपाटे किती, प्रयोगशाळेतील तराजू कोणत्या खोलीत, हे सर्व तीत लिहिलेले असते. तराजू स्वतः पुढे येऊन आपला ठावठिकाणा सांगत नाही; म्हणूनच नोंदवहीची गरज पडते. संगणक सुरू होतो त्या क्षणी त्याच्या कारभाऱ्याची स्थितीही अशीच असते. संगणकाचा सर्व व्यवहार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, त्यास कर्नेल म्हणतात. आपल्या ताब्यात कोणकोणती यंत्रे आली आहेत, हे कर्नेलला आरंभी ठाऊक नसते. ते त्यास कसे कळते, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

बस आणि तिचा नियंत्रक

बस ह्या शब्दाने येथे रस्त्यावरील वाहन समजावयाचे नाही. अनेक उपकरणांनी मिळून वापरावयाच्या तारांच्या समूहास संगणकशास्त्रात बस म्हणतात. ह्या तारांवर कोणी केव्हा बोलावे, ही व्यवस्था पाहणारे मंडल म्हणजे बस-नियंत्रक होय.

काही बसेस बोलक्या असतात. १९९२ साली आलेली पीसीआय किंवा १९९६ साली आलेली यूएसबी ह्यांवरील प्रत्येक उपकरणाजवळ उत्पादकाचा व उपकरणाचा क्रमांक असतो. कर्नेलने विचारताच तो सांगितला जातो. परंतु १९८२ साली फिलिप्स कंपनीने तयार केलेली आय-टू-सी ही बस ह्या बाबतीत मुकी आहे. तिला दोनच तारा: एक माहितीची, दुसरी ठेक्याची. प्रत्येक उपकरणास सात बिटांचा पत्ता असतो. असे १२८ पत्ते संभवतात. त्यांपैकी १६ राखीव असल्यामुळे ११२ वापरावयास उरतात. पत्ता उच्चारला असता उपकरण 'मी आहे' एवढाच संकेत देते. 'मी कोण' हे ते सांगत नाही. डीएस१३०७ हे घड्याळ १०४ ह्या पत्त्यावर असते, आणि हालचाल मोजणारे एमपीयू-६०५० हेही बहुधा त्याच पत्त्यावर आढळते. तेव्हा १०४ कडून होकार आला, तरी तेथे घड्याळ आहे की हालचालमापक, हे कर्नेलने ओळखावे कसे? चाचपडून पाहणेही धोक्याचेच. कारण चाचणी म्हणून पाठविलेला संदेश एखादे उपकरण आज्ञा समजून पाळील. ह्या अडचणीवर उपाय म्हणजे लेखी वर्णन.

वर्णनात काय असते?

ह्या वर्णनास उपकरणवृक्ष, इंग्रजी नावाने डिव्हाइस ट्री, असे म्हणतात. चिप हे खोड, तीतील नियंत्रक ह्या फांद्या आणि त्यांना जोडलेली उपकरणे ही पाने, अशी त्याची रचना असते. २०१२ साली विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय ह्या छोट्या संगणकाचे उदाहरण घेऊ. मुलांनी संगणकाचे शिक्षण घ्यावे ह्या हेतूने तो इंग्लंडमध्ये तयार करण्यात आला. त्यातील बीसीएम२८३५ ह्या चिपमध्ये आय-टू-सीचा नियंत्रक आहे. त्याच्या वर्णनात मुख्यतः पाच गोष्टी असतात.

पहिली गोष्ट ओळखीची. नियंत्रक कोणत्या कंपनीचा व कोणत्या जातीचा, हे ठराविक शब्दांत लिहिलेले असते. ते वाचून कर्नेल आपल्या संग्रहातील योग्य तो ड्रायव्हर निवडते. दुसरी गोष्ट पत्त्याची. नियंत्रकास आज्ञा द्यावयाच्या म्हणजे त्याच्या रजिस्टरांत आकडे लिहावयाचे. ती कोठून सुरू होतात आणि किती जागा व्यापतात, हे येथे दिलेले असते. सोळाच्या पायावरील गणनेत हा आरंभ ७ई८०४००० असा लिहितात. ह्या गणनेत ई म्हणजे चौदा. तिसरी गोष्ट हाकेची: काम पुरे होताच नियंत्रकाने प्रोसेसरला कोणत्या तारेवरून खुणवावे. चौथी गोष्ट घड्याळाची: नियंत्रकास स्पंदने कोठून मिळतात. पाचवी गोष्ट वापराची: ह्या बोर्डावर तो नियंत्रक प्रत्यक्ष उपयोगात आहे की नाही.

पत्त्याच्या बाबतीत एक मौज आहे. ७ई८०४००० हा चिपच्या अंतर्गत बसवरील पत्ता झाला. प्रोसेसरला तोच नियंत्रक २०८०४००० ह्या ठिकाणी दिसतो. म्हणून वृक्षात, नियंत्रकाच्या वरच्या फांदीवर, रूपांतराची एक ओळ असते: ७ई०००००० म्हणजे प्रोसेसरचे २००००००० समजावे. पुढे रास्पबेरी पाय २ मध्ये बीसीएम२८३६ ही चिप आली. तीत तोच नियंत्रक प्रोसेसरला ३एफ८०४००० येथे दिसू लागला. वर्णनात त्यासाठी नियंत्रकाची नोंद बदलावी लागली नाही. रूपांतराच्या ओळीत २०००००००च्या जागी ३एफ०००००० लिहिले की काम झाले. ड्रायव्हरच्या तर एका अक्षरासही हात लावावा लागला नाही.

ही पद्धत कशी रूढ झाली?

ह्या कल्पनेचा उगम १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या संगणकांत झाला. १९९४ साली ती आयईईई १२७५ ह्या मानकात अंतर्भूत झाली. २००५ च्या सुमारास लिनक्स कर्नेलसाठी तिचे आटोपशीर, सलग रूप सिद्ध करण्यात आले. आरंभीचा छोटा प्रोग्राम ते स्मृतीत ठेवतो आणि त्याची जागा कर्नेलला कळवितो. कर्नेल प्रथम त्याच्या आरंभीची चार बाइटांची ठराविक खूण पडताळते आणि मगच पुढे वाचते.

एआरएम जातीच्या प्रोसेसरांवर मात्र दीर्घकाळ दुसरीच रीत चालू होती. प्रत्येक बोर्डाचे वर्णन कर्नेलच्या प्रोग्राममध्येच लिहीत. नवे बोर्ड आले की नवी फाईल! भ्रमणध्वनीचा प्रसार वाढला तसा ह्या फायलींचा ढीग वाढत गेला. २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स ह्यांनी ह्या गोंधळाविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. त्यानंतर वर्णन आणि प्रोग्राम ह्यांची फारकत वेगाने झाली. वर्णन यंत्राचे असावे, एखाद्या विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमचे नसावे, हे तत्त्व मान्य झाले. त्यामुळे लिनक्सप्रमाणेच फ्रीबीएसडी ही सिस्टिमही उपकरणवृक्ष वाचू शकते.

एका आकड्याची जबाबदारी

नोंदवहीत चूक झाली तर काय होते? पत्ता चुकला तर कर्नेल जेथे काहीच नाही तेथे हात घालते आणि तेथेच अडून राहू शकते. ही चूक निदान चटकन ध्यानात येते. घड्याळाची चूक अधिक फसवी असते. समजा, नियंत्रकास सेकंदाला २५ कोटी स्पंदने मिळतात, असे कर्नेलने मानले. आय-टू-सीची साधी गती सेकंदाला १ लक्ष ठोक्यांची असल्यामुळे ते २,५०० ने भाग देईल. परंतु स्पंदने वस्तुतः ४० कोटी असतील, तर बसची गती १ लक्ष ६० हजार होईल. काही उपकरणे ती सोसतील, काही अधूनमधून चुकीचे उत्तर देतील, आणि दोष उपकरणाचाच आहे असे वाटत राहील. म्हणूनच वर्णनात नुसता आकडा न लिहिता स्पंदनांच्या उगमाकडे बोट दाखविलेले असते. त्यावरून कर्नेल खरी गती विचारून घेते. विद्युत्दाबाची कमाल मर्यादा चुकीची लिहिली गेली, तर चिप जळण्याचाही संभव असतो.

उलटपक्षी, विचारपूर्वक केलेले वर्णन दीर्घकाळ उपयोगी पडते. ओळखीच्या नोंदीत एकाहून अधिक नावे देता येतात. प्रथम विशेष, नंतर सामान्य. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ मधील नियंत्रकाने स्वतःच्या नावामागोमाग बीसीएम२८३५ मधील जुन्या नियंत्रकाचेही नाव लावले आहे. नवे नाव ज्या ड्रायव्हरला ठाऊक नाही, तो जुन्या नावावरून काम चालवू शकतो. त्याचप्रमाणे, जुन्या वर्णनावर नवे कर्नेलही चालले पाहिजे, असा दंडक कर्नेलचे कर्ते सांभाळू पाहतात. कपाटात पडलेले दहा वर्षांपूर्वीचे बोर्ड आज पुन्हा कामी यावे की भंगारात जावे, हे बऱ्याच अंशी ह्या दंडकावर अवलंबून असते.

यंत्र मुके असले, तरी त्याच्याविषयी खरे व पुरेसे लिहिणारा माणूस असला म्हणजे त्याचे काम अडत नाही. ज्याला ही विद्या शिकावयाची असेल, त्याने लहानशा बोर्डाचा उपकरणवृक्ष समोर घ्यावा आणि त्यातील एकेका ओळीचा अर्थ चिपच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावा. प्रत्येक आकड्यामागे तांब्याची एखादी खरी तार किंवा सिलिकॉनचा एखादा खरा कण आहे, हे त्यास स्वतःच दिसून येईल.